तुटक्या दाताची साद

प्रिय रॉईस,

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझं अंगण दिसतं. तुझा पिकअप उभा आहे, मागचं फळकूट उघडं टाकलेलं आहे आणि त्यात तंबूचे खांब तसेच पडलेत. माझे खांब. रस्ता ओलांडला की तुझं दार, आणि तरी मी टेबलापाशी बसून तुला पत्र लिहितोय. लोरीन दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "इतकं काय लिहायचंय? जा की समोर, बोल आणि ये." मी म्हटलं, बोलायला गेलो तर तो आधी कॉफी ओतणार, मग शिकारीतल्या त्या एल्क हरणाच्या नराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगणार आणि मी पुन्हा मान डोलावत बसणार. तर म्हणाली, "मग लिही. पण रुसलेल्या बायकोसारखं लिहू नकोस, वाचणाऱ्याला कंटाळा येतो." रुसलोय हे खरं आहे. जळतोय हेही खरं आहे. साठी उलटलेल्या माणसाने मित्राच्या जावयावर जळावं हे शोभत नाही, पण शोभत नाही म्हणून कुणाचं जळायचं थांबलंय असं मी तरी कधी पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये तू आलास तेव्हा मी गॅरेजमध्ये बाणांना पिसं चिकटवत होतो. एरवी तू सरळ आत येतोस आणि माझ्या स्टुलावर बसतोस. त्या दिवशी दारातच उभा राहिलास. म्हणालास, "ऑर्व्हल, या वर्षी शिकारीला केंडल येतो म्हणतोय. ट्रूडीचा फार हट्ट आहे. पोराला शिकायचंय." मी म्हटलं, "येऊ दे की. तिघं जाऊ." तू छताकडे बघितलंस. "त्याच्याकडे दिवस फार नाहीत, हंगामाचे शेवटचे चारच मिळतात. आणि तिघं म्हणजे रे, गलका होतो." गलका. इतकी वर्षं तुझ्यामागे श्वास रोखून बसणारा माणूस म्हणजे गलका. मी पिसं चिकटवत राहिलो. जाता जाता तू मान खाजवत म्हणालास, "ते खांब आणि शेगडी तुझ्याकडे आहे ना?" तंबूचं कापड तुझं, खांब आणि शेगडी माझी, ही वाटणी आपण तंबू घेतला तेव्हाची. मीच उचलून तुझ्या गाडीत ठेवले, वर नव्या दोऱ्याही दिल्या. लोरीन दारातून बघत होती. तू गेल्यावर म्हणाली, "वा. सवतीला पलंगही दिलास आणि गादीही."

तुझा जावई वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याला पहिल्यांदा भेटलो ते ट्रूडीच्या लग्नात. हातात केकची बशी घेऊन माझ्यासमोर आला आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "काका, एकदा दवाखान्यात या. हा पुढचा दात मी असा बसवून देतो की तुटला होता हे तुम्हीसुद्धा विसराल." दातांचा डॉक्टर, नजर जायची तिथेच जाणार. मी काही बोलायच्या आत तू मागून आलास आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "जावईबापू, त्या दाताला हात लावलात तर मुलगी परत घेऊन जाईन." सगळे हसले. तोही हसला, पण त्याला काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी त्या दिवशी नको इतका केक खाल्ला.

तो दात तू तोडलास, हे त्याला कुणी सांगितलंय का? तुझ्या त्या जुन्या निळ्या गाडीचं चाक घाटात बसलं होतं, मी वाकून बघत होतो, तू जॅकच्या दांड्यावर जोर दिलास आणि दांडा सुटून माझ्या तोंडावर आला. अर्धा दात चिखलात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे सुजलेल्या ओठांनी मी नराला बोलवायच्या नळीत फुंकलं, तर साद वर चढता चढता मध्येच फाटली, फटीतून हवा निसटली आणि मागची गुरगुर रडल्यासारखी आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि समोरच्या उतारावरून घोड्याएवढा नर झाडं मोडत खाली आला, सरळ तुझ्यासमोर. संध्याकाळी आपण त्याला सोलत होतो तेव्हा तू म्हणालास, "हा दात बसवायचा नाही. यातला अर्धा माझा आहे, मी तोडलाय." बाण कुणाचाही असो, मांस अर्धं अर्धं, हा आपला रिवाज. त्यात त्या दिवशी दातही आला. नंतर लोरीनने किती मागे लागावं, माझ्या बहिणीने किती टोमणे मारावेत, फोटोत तोंड मिटून उभं राहायची मला सवय झाली, पण दात मी बसवला नाही.

तर तू वरच्या तळ्याकडे जाणार म्हणाला होतास, म्हणून मी मुद्दाम खालच्या घळीत गेलो. एकटा. तंबू नव्हता, कारण खांबाविना तंबू नाही आणि कापड तसंही तुझंच. पिकअपच्या मागे गादी टाकून झोपलो. सकाळी उठलो की गुडघा आधी शिव्या द्यायचा, मग मी. आणि एक गोष्ट मी घरूनच ठरवून निघालो होतो, की तू नसताना माझी साद घालायची नाही. राग म्हण, मत्सर म्हण. तो आवाज आपल्या दोघांचा आहे आणि तू तिकडे शेगडीपाशी जावयाबरोबर कॉफी पीत बसलेला असताना मी इकडे तो झाडांना ऐकवणार नव्हतो. म्हणून दुकानातली ती दातात धरून फुंकायची शिट्टी विकत घेतली होती, जिला तू बसलेल्या घशाचं बदक म्हणतोस.

एकट्याने हे काम होत नाही, रॉईस. होत असतं तर मी कशाला वर्षानुवर्षं तुझ्या पाठीकडे बघत बसलो असतो? नर येतो तो आवाजाच्या दिशेने येतो, आवाज काढणाऱ्याला शोधत. मागे बसलेल्याने बोलवायचं आणि पुढे थांबलेल्याने बाण सोडायचा, तरच जमतं. दोन्ही एकट्याने करायला गेलं की जनावर सरळ तुमच्या डोळ्यांत बघत येतं आणि हात हलवला की संपलं. दोनदा तसंच झालं. मधल्या वेळात मी तुमच्या तंबूचा विचार करत होतो. आता तू त्याला सुरी कशी धरायची ते दाखवत असशील, आता तुझी ती करपलेली बटाट्याची भाजी त्याच्या बशीत वाढत असशील आणि तो मेला कौतुक करत असेल. ती भाजी मी कधी आवडीने खाल्ली नाही. पण त्या चार दिवसांत मला तिची सारखी आठवण येत होती.

शेवटच्या सकाळी काचेवर हिव गोठलं होतं. हंगाम त्या दिवशी संपणार होता. मी सामान आवरून ठेवलं होतं, दुपारी निघायचं होतं. उगाच एकदा म्हणून वर चढलो, आणि उजाडता उजाडता डोंगराच्या सोंडेपलीकडून साद आली. अशी साद मी आयुष्यात ऐकली नव्हती. वर चढत गेली आणि जिथे कुठलाही नर टिपेला जाऊन थांबतो तिथे ती फाटली. मग हवा निसटल्यासारखी झाली, आणि मागून अशी गुरगुर आली की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. वाटलं, हा म्हातारा आहे, मार खाऊन बसलेला आहे आणि याला आता कुणाची भीडभाड उरलेली नाही. खरं सांगू? मी त्या जनावरावरही जळलो. म्हटलं, देवाने असा आवाज मला का नाही दिला.

हस. मलाही आता हसू येतं. पण मी माझी साद समोरून कधी ऐकली होती? मी नळीच्या या बाजूला. मला फक्त माझ्या कवटीतला घुमारा ऐकू येतो, आणि फटीतून निसटलेल्या हवेची लाज. तू ती फोनमध्ये भरून ठेवली आहेस हे मला माहीत होतं, पण तू ऐकवायला लागलास की मी उठून लघवीला जायचो.

मी बदकाची शिट्टी फुंकली. त्याने उत्तर दिलं. मी वारा बघून उजवीकडून वळसा घातला, नर घालतो तसा, कारण तुझ्याकडूनच शिकलोय. वाळकी फांदी घेऊन खोडावर घासली, माजलेला नर शिंगं घासतो तशी. मुद्दाम काटक्या मोडल्या. त्याची साद तिकडून फाटत होती, मी इकडून बदक वाजवत होतो, आणि आमचं हे संभाषण ऊन ॲस्पेनच्या शेंड्यांवरून बुंध्यापर्यंत उतरेतो चाललं. माझा सगळा राग विरला. तुमच्या तंबूचाही विसर पडला. मी मनातल्या मनात तुला सांगत होतो, रॉईस, बघ, मी एकट्याने काय बोलावलंय बघ. गुडघ्याचंही भान नव्हतं. शेवटी एका आडव्या पडलेल्या फरच्या खोडामागे पोचलो, धनुष्याला बाण लावला, डोकं हळूच वर काढलं आणि मला हिरवी टोपी दिसली.

लोरीनने विणलेली टोपी. तसलीच एक माझ्या डोक्यावर होती, तेव्हा दुसरी कुणाची हे विचारायची गरज नव्हती. तू गुडघ्यावर बसला होतास, बाण दोरीला लावलेला, आणि तुझं तोंड माझ्याकडे होतं. मी दगड झालो. साद तुझ्या मागून, झाडीतून आली, अगदी जवळून, आणि तेव्हा कुठे मला समजलं की हा नर कोण आहे. केंडल. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर असलेला माणूस माझ्या तुटक्या दाताने ओरडत होता. फाटणं, हवा निसटणं, गुरगुर, सगळं. घर दिलं असतंस तर चाललं असतं, शेगडी तर मीच दिली होती. तू त्याला माझा आवाज दिलास.

पण मी तेव्हा उठून उभा राहिलो नाही, ओरडलो नाही. त्याचं कारण तुझा चेहरा. इतकी वर्षं बाण लावून वाट बघणारा तू कसा दिसतोस हे मी पाहिलंच नव्हतं. मला दिसायची ती तुझी मान, टोपीच्या काठाखालचे पांढरे केस आणि खाजवून लाल झालेला कान. आणि पुढून तू असा दिसत होतास? तोंड अर्धवट उघडं, डोळे ओले, ख्रिसमसच्या सकाळी ट्रूडी लहानपणी बसायची तसा. मला इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. कुणाचा ते मात्र ठरवता येईना. केंडलचा म्हणावा तर त्यालाही बिचाऱ्याला तुझी मानच दिसत होती. बहुतेक आजवर तुझ्या समोर आलेल्या सगळ्या नरांचा.

मी खोडामागे पालथा पडलो. बदक तोंडातच होतं. मी गप्प झालो तसा केंडल थोड्या वेळाने पुढे तुझ्यापाशी आला आणि कुजबुजला, "बाबा, गेला वाटतं. आपला वास लागला का?" तू म्हणालास, "वारा बरोबर आहे. गेला नाही तो. इथेच उभा आहे." "मग पुढे का येत नाही?" आणि मग तू, शहाण्या, त्याला समजावून सांगायला लागलास. "म्हातारा आहे तो. बरोबर माद्या नाहीत, एकटा पडलाय. चालताना उजवा पाय जपून टाकत होता, ऐकलंस ना? जुनी दुखापत असणार. असला नर भांडायला येत नाही." पोराने विचारलं, "मग कशाला आला होता?" तू दोरीवरचा बाण काढून घेतलास. मग म्हणालास, "सोबतीला."

माझ्या गुडघ्यापर्यंत सगळं तुला बरोबर ओळखता आलं, फक्त मी ओळखू आलो नाही. दुकानातल्या शिट्टीला तू फसलास, तुझ्या जावयाला मी फसलो, तेव्हा त्या बाबतीत आपण सारखेच गाढव. पण त्यानंतर केंडल म्हणाला, "तो काकांच्या आवाजाला आला, बाबा. रात्री तुमच्या फोनवर ऐकून ऐकून माझी जीभ सोलली, पण सार्थक झालं. घरी गेलो की काकांना सांगतोच." आणि तू म्हणालास, "नको. ऑर्व्हलला यातलं काही बोलू नकोस." त्याने का म्हणून विचारलं. तू नुसती झोळी उचललीस आणि दोघं उतरून गेलात. मी तिथेच पडून राहिलो, पोटाखालचं हिव वितळून शर्ट भिजेपर्यंत. मग खाली आलो, गाडी चालू केली आणि वाटेत कुठेही न थांबता घरी आलो.

बाकीचं तुला माहीत आहे. मर्नाच्या कॅफेत तू सगळ्यांना गोष्ट सांगितलीस, आणि मी शेजारच्या स्टुलावर होतो. कसा तो वळसा घालून आला, कशी शिंगं घासली, कसा हाकेच्या अंतरावर येऊन गप्प झाला. आयुष्यातला सगळ्यात मोठा नर म्हणालास. मर्ना म्हणाली, "रॉईस, प्रत्येक कपागणिक त्याला एकेक शिंग फुटतंय." लोक हसले, तूही हसलास, आणि पुन्हा म्हणालास की पुढच्या वर्षी त्याच्यासाठी जाणार, तो तिथेच असेल. मी वाट बघत होतो, रॉईस. तू हातवारे करून सगळं सांगितलंस, वारा, ऊन, काटक्या. फक्त कुठल्या सादेला तो आला ते सांगायचं टाळलंस. माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा कपाकडे. तुला वाईट वाटतंय हे मला दिसलं. पण वाईट वाटून घेणं आणि सांगून टाकणं यात फरक आहे, आणि तू बशीतलं संपवून उठून गेलास.

तर तुझा तो सगळ्यात मोठा नर समोरच्या घरात राहतो, त्याचा गुडघा खरंच दुखतो आणि तो सोबतीलाच आला होता. हे तुला कळावं असं वाटत होतंच. पण पत्र त्यासाठी नाही. काल मी केंडलच्या दवाखान्यात फोन केला आणि म्हटलं, पुढचा दात बसवायचाय. बाईंनी गुरुवारी सकाळची वेळ दिली. मग तो स्वतः फोनवर आला. "काका, नक्की ना? बाबांना विचारलंत?" पोरगा चांगला आहे म्हणून सांगतो ना. तर विचारतोय, कारण अर्धा दात तुझा आहे आणि अर्ध्याच्या मालकाला न विचारता आपण कधी काही केलं नाही, निदान मी तरी नाही. साद घालायला तुला केंडल पुरेसा वाटत असेल, तर काही बोलू नकोस. मी रागावणार नाही, म्हणजे रागावेन, पण तोंड मिटून. नाहीतर बुधवारी संध्याकाळपर्यंत खांब परत घेऊन ये. दार वाजवू नकोस, नेहमीसारखा आत ये आणि माझ्या स्टुलावर बस. तू आला नाहीस तर गुरुवारी माझा दात बसेल आणि पुढच्या वर्षी त्या म्हाताऱ्या नरासाठी तू जाशील तेव्हा तुझ्या मागे बसून माझ्या आवाजात ओरडणारा जगात एकच माणूस उरेल, आणि त्याचे सगळे दात धड आहेत.

बुधवारपर्यंत तरी तुझाच,
ऑर्व्हल